शिवणताईंची हजेरी

उभा जन्म मी कोर्टात कारकुनी केली. तरी आमच्या वृद्धनिवासातले सगळे म्हातारे मला वकीलकाका म्हणतात. मीही ते कधी नाकारलं नाही. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो?

शेजारच्या खोलीत शिवणताई. तळमजला, खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन. आम्हा सगळ्यांचे उसवलेले खिसे आणि सैल झालेले लेंगे तिथेच ठीकठाक व्हायचे. ताई बाथरूममध्ये घसरल्या, खुबा मोडला, त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. स्ट्रेचरवरूनही त्या एकच विचारत होत्या, खोली राहील ना? कारण करारात कलम होतं: सलग तीस दिवस हजेरीवहीत सही नसेल, तर खोली सोडली असं धरलं जाईल.

"मी आहे ना," मी म्हणालो.

रोज सकाळी माझ्या सहीखाली त्यांची सही ठोकू लागलो. दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात माझी हयात गेलेली. त्यांच्या सहीची शेवटची गिरकी दोन दिवसांत हातात बसली. खरं सांगतो, मजाही वाटत होती.

बेचाळिसाव्या दिवशी ताई चाकाच्या खुर्चीतून परतल्या. कुलूप काढलं तर दाराच्या फटीतून आत सरकवलेलं पाकीट पडलेलं. नोटीस होती. ताईंच्या खोलीचा रुग्णकक्ष होणार, त्यांना वर तिघींच्या खोलीत हलवणार, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. तारीख पंचवीस दिवसांपूर्वीची. वरच्या खोलीत मशीनला जागा नव्हती.

मी तावातावाने व्यवस्थापकाकडे गेलो. नोटीस ताईंच्या हाती पडलीच नाही, त्या हॉस्पिटलात होत्या, असं ठणकावलं. त्याने शांतपणे हजेरीवही माझ्यापुढे सरकवली.

"काका, त्या नव्हत्या हे मलाही ठाऊक आहे. पण वहीत रोज सही आहे. त्या इथे होत्या म्हणालात, तर हरकतीची मुदत गेली. नव्हत्या म्हणालात, तर तीस दिवस उलटले. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

मी वही मिटून त्याच्याकडे परत सरकवली.

ताईंना सगळं सांगितलं. शरमेने मान वर होईना. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मशीनवर झाकण ओढलं, त्याच्या कडा नीट केल्या. खोली बदलायच्या संमतीचा कागद त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "माझी सही आता तुम्हालाच जास्त चांगली जमते."

मी केली. शेवटच्या गिरकीसकट.