कोपऱ्यावरची मोकळी जागा

त्र्याण्णवच्या मार्चात मुंबईतल्या घाऊक बाजारात स्फोट झाला, तेव्हा तुळजाबाईचा मुलगा जानू एका इमारतीच्या कोपऱ्यावर गाडीतून गोणी उतरवत होता. त्याच इमारतीत वरच्या ऑफिसात महाडच्या कमलाकर सरांची मुलगी देवश्री टायपिस्ट होती. दोघांची ओळखही नव्हती. पण दोघांचे मृतदेह गावी आणायला टेम्पो एकच मिळाला. पाठीमागच्या फळीवर तुळजाबाई आणि सर समोरासमोर बसून आले. महाडला देवश्रीला उतरवलं, तरी सर खाली राहिले नाहीत. "या बाईला एकटं कसं सोडू?" असं भावाला सांगून ते पोलादपूरच्या पुढे, तिच्या वाडीपर्यंत गेले आणि मग मुलीला अग्नी द्यायला परतले.

तेव्हापासून तुळजाबाई त्यांना दादा म्हणू लागली.

इमारतीचा पुढचा भाग पडला होता. मालकांना तिथे नवी इमारत बांधायची होती. मेलेल्यांपैकी बरेच जण महाड-पोलादपूरकडचे. त्यांच्या घरच्यांचं म्हणणं एकच होतं: जिथे आपली माणसं गेली तो कोपरा मोकळा ठेवा, तिथे नावांचा दगड बसवा. सगळ्यांच्या वतीने सर बोलत. सरांनी मालकांचा निरोप आणला, की कोपरा सोडू, घरच्यांची संमती असेल तर काम सुरू करू. महाडला बैठक भरली. सगळे तयार झाले, तुळजाबाई तेवढी अडून बसली.

"एकदा भिंती उठल्या की कोण इचारतंय आपल्याला?" ती म्हणाली.

सर तिच्याजवळ येऊन बसले. "ताई, माझी देवश्रीही तिथेच गेली. तो कोपरा मी बांधू देईन का?"

तिने हात वर केला.

काम सुरू झालं. पुढची दोन वर्षं ती विचारायची, सर सांगायचे, अजून धूळच आहे, दगड घडवायला दिलाय, झालं की सगळे मिळून जाऊ. इमारत उभी राहिल्याचं तिला वाडीतल्या चाकरमान्यांकडून कळलं. सर दमले असतील, त्यांना कशाला त्रास, म्हणून ती जानूच्या बायकोला, रखमाला घेऊन परस्पर एसटीने मुंबईला गेली.

कोपरा मोकळा नव्हता. तिथे काचेचं मोठं दुकान होतं, आत मिक्सर आणि पंखे मांडलेले. रखमाला वाटलं आपण रस्ता चुकलो. तेवढ्यात काउंटरमागून एक तरुण लगबगीने बाहेर आला. सरांचा मुलगा, श्रेयस.

"मावशी, तुम्ही? या ना, बसा. थंड काही मागवू?"

तुळजाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. "हे दुकान कुणाचं रे?"

"आमचंच," तो म्हणाला आणि त्याची मान खाली गेली.

"जानूचं नाव कुठं हाय?"

तो त्यांना मागच्या जिन्याखाली घेऊन गेला. विजेच्या मीटरशेजारी दगड बसवला होता. त्याच्यापुढे रिकामी खोकी रचलेली. श्रेयस घाईघाईने ती बाजूला करू लागला. "आजच ठेवलीयत, मावशी," तो पुटपुटला. रखमाने अक्षरं लावत लावत नवऱ्याचं नाव वाचलं आणि ती मटकन खाली बसली. तुळजाबाई रडली नाही. रखमाला दंडाला धरून तिने उठवलं आणि दोघी परत फिरल्या.

ती आधी महाडला उतरली. सर ओसरीवर पेपर वाचत होते. तिचा चेहरा बघून त्यांनी पेपर खाली ठेवला.

"ते कोपरा सोडणार नव्हतेच, ताई," ते म्हणाले. "शेवटी मला म्हणाले, गाळा तुमच्या मुलाला देतो. म्हटलं, परक्याच्या हाती जाण्यापेक्षा..."

"कधी म्हणाले?"

सर खाली ठेवलेल्या पेपरची घडी घालू लागले.

"आमी हात वर केला त्याच्या आधी, का मागून?"

"आधी," ते म्हणाले. "मुलगी गेली होती, ताई. श्रेयस घरी बसून होता. मी तरी काय करू?"

"मालकांनी फशिवलं आस्तं तर मी शिव्या घातल्या आस्त्या नि गप बसले आस्ते," तुळजाबाई म्हणाली. "ते कोण लागतात माजे? मी तुमच्या तोंडाकडं बगून हात वर केला, सर."

दादा नव्हे, सर. ते त्यांनाही कळलं.

पुढच्या आठवड्यात ती गावोगाव फिरली आणि प्रत्येक घरी जाऊन पाहिलेलं सांगितलं. काहींनी विश्वास ठेवला नाही, तुझीच काहीतरी चूक झाली असेल म्हणाले. काही जण मालकांकडे जाऊन आले. तिथे त्यांना एवढंच ऐकायला मिळालं, की तुमच्याच माणसाने मान्य केलंय. दुकान चालू राहिलं, दगड जिन्याखालीच राहिला.

पुढच्या मार्चात नवीन इमारतीकडे कुणी गेलं नाही. सगळी घरं महाडला सावित्री नदीच्या काठावर जमली. सर आले, पण लांब उभे राहिले. त्यांना कुणी जवळ बोलावलं नाही. एकेकाने आपापल्या माणसाचं नाव घेऊन पाण्यात फूल सोडलं. देवश्रीचं नाव घ्यायला कुणी पुढे होईना. तेव्हा तुळजाबाई पुन्हा पाण्यात उतरली आणि मोठ्याने म्हणाली, "देवश्री कमलाकर."

सर हुंदका देऊन रडू लागले. ती काठावर आली, लुगडं पिळलं आणि त्यांच्यासमोरून, त्यांच्याकडे न बघता, रखमाबरोबर एसटी स्टँडकडे निघून गेली.