धाकट्याचं बाकडं

एकोणीसशे अडुसष्ट साल. गावाचं नाव बदललं ते याच वर्षी. समारंभ चार दिवसांवर आला होता आणि स्टेशनच्या घोषणेच्या खोलीत गाड्या पुकारणारी ताई हातातला चहा तसाच गार होऊ देत मास्तरांना विनवत होती.

"थोडे दिवस दोन्ही नावं घेऊ द्या, मास्तर. आधी नवं, मग हळूच जुनं. कुणाच्या कानाला टोचणार नाही."

"तुझं हळूच चारी फलाटांवर ऐकू जातं, ताई," मास्तर म्हणाले. "वरून सक्त हुकूम आहे. जुनं नाव तोंडातून काढायचं नाही."

स्टेशनमास्तरांपासून हमालांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, आणि ते तिच्या धाकट्या भावामुळे. त्यालाही कुणी नावाने हाक मारत नसे. तो सगळ्यांचा धाकटा. चाळिशीला आला होता, पण समज सात-आठ वर्षांच्या पोराची. अंगाने आडदांड, स्वभावाने गरीब गाय. वेड एकच, आगगाडीचं. दार उघडं दिसलं की चढायचा आणि आठ-पंधरा दिवस बेपत्ता. एकदा घरात कोंडून पाहिलं, तर त्याने अन्नच टाकलं. तेव्हापासून ताईने त्याला अडवायचं सोडून दिलं. तिकीट तपासनीस त्याला ओळखून होते. कुठे निघाली स्वारी, असं विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, गावाला जायचंय म्हणावं तसं, "ताईला जायचंय." ते हसून पुढे जात.

वाचता येत नव्हतं, म्हणून ताईने त्याच्याकडून गावाचं नाव पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. कर्ण्यावर हे ऐकू आलं की उतरायचं, दुसरीकडे कुठेही नाही. आणि आजवर तो बरोब्बर उतरत आला होता. कधी पाय सुजलेला, कधी अंगावर कुणाचा तरी कोट, पण उतरायचाच. आता तो असाच बाहेर होता आणि इकडे गावच नाव टाकून मोकळं होणार होतं.

ताईचा नवरा गार्ड. जेवायला वाढताना बायको 'भाजी येत आहे' असं फलाटावरच्या सुरात सांगते, अशी तिची टिंगल करणारा. पण त्या आठवड्यात तोही धाकट्याला शोधत होता. प्रत्येक फेरीत डबे धुंडाळत होता.

गंमत अशी, की नवं नाव ताईला मनापासून आवडलं होतं. जुनं नाव कुणा इंजिनिअरचं. रूळ टाकायला आला, माळावर तंबू ठोकून दोन हिवाळे राहिला आणि गेला. परत कधी फिरकला नाही. त्याच्याआधीही गावाला नाव असणारच, मास्तर म्हणायचे, पण ते सांगणारं कुणी उरलं नाही. नवं नाव राणीचं. तीनशे वर्षांपूर्वी गावाला वेढा पडला, तेव्हा तिने किल्ल्याचं कोठार लोकांना उघडून दिलं. सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत ती घास घ्यायची नाही, आणि शेवटी शेवटी तिच्या पानात वाढायला काही उरेना. आईच्या तोंडून हे ऐकताना लहानपणी ताईच्या अंगावर काटा यायचा. धाकटा तर दर वेळी विचारायचा, "मग ती कधी जेवली?" आई पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची.

समारंभ भर दुपारी झाला. बँड वाजला, भाषणं झाली, पाटीवरचा पडदा सरला. पण पाटी वाचणारे वाचणारच. गावाचं नाव मोठ्याने पहिल्यांदा घ्यायचं होतं ते ताईला. गाडी फलाटाला लागताना तिने कळ दाबली. तीनशे वर्षांपूर्वी उपाशी मेलेली बाई, आणि आज तिचं नाव आपल्या तोंडून निघणार.

ती बोलली. कर्ण्यांतून ते नाव निघालं, छपराच्या पत्र्याला लागलं आणि सगळ्या फलाटांवर पसरलं. एका हमालाने डोक्यावरची ट्रंक खाली उतरवली आणि उगाचच ताठ उभा राहिला. गाडीच्या खिडकीशी बसलेल्या कुठल्याशा बाईने ते नाव पुटपुटून पाहिलं, मग तिच्या शेजारणीने. माणसं गावात राहतात हे ताईला ठाऊक होतं. गाव असं माणसांच्या तोंडात राहायला येतं, हे तिने त्या दिवशी खोलीच्या काचेतून डोळ्यांनी पाहिलं. खोलीत एकटीच होती, तरी ती उठून उभी राहिली.

त्यानंतर प्रत्येक गाडीला तेच नाव. धाकट्याचा पत्ता नव्हता. प्रत्येक गाडी सुटताना ताई काचेतून डबे न्याहाळायची. आत बसून असेल का तो, गाव कधी येतंय याची वाट बघत?

तिसऱ्या आठवड्यात जंक्शनवरून तपासनिसाचा फोन आला. धाकटा दुपारच्या पॅसेंजरमध्ये आहे. कुठल्या डब्यात ते कळलं नाही, गर्दी फार. ताईला जायचंय म्हणाला. मागच्या आठवड्यातही तो जंक्शनला दिसला होता म्हणे, पण उलट्या दिशेच्या गाडीत.

मास्तरांनी फोन ठेवला. टोपी डोक्यावर चढवत ते म्हणाले, "मी जरा सिग्नल बघून येतो. वाऱ्याने मला काही ऐकू येत नाही बरं का."

ताईला ते समजलं. गाडी आत आली. गाडी जेमतेम मिनिटभर थांबायची. तिने कळ दाबली, जुनं नाव जिभेवर आणलं, तोंड उघडलं, आणि निघालं ते राणीचं. इतक्या दिवसांची जिभेला लागलेली सवय. पुन्हा कळ दाबायला हात गेला तोवर शिट्टी झाली होती. मग ती खोली उघडी टाकून धावत सुटली.

गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडत होता. टोकाच्या बाकड्यावर, कर्ण्याच्या बरोबर खाली, धाकटा बसला होता. एका पायात चप्पल नव्हती.

ताईला दम लागला होता. "अरे, नाव तर बदललं. तू उतरलास कसा?"

"कशाचं नाव?" धाकट्याने विचारलं.

"गावाचं. मी तुला शिकवलं होतं ना?"

त्याने अनवाणी पाय बाकड्यावर घेतला. मग ताईलाच काही समजत नाही अशा सुरात म्हणाला, "ताई बोलली. ताई आली म्हणून उतरलो."

मागून आलेले मास्तर तिथेच थबकले. टोपी काढून त्यांनी हातात धरली.

मास्तर पुढच्या वर्षी निवृत्त झाले आणि लेकीकडे राहायला गेले. गार्डने शेवटच्या फेरीपर्यंत डबे बघायची सवय सोडली नाही. ताई निवृत्त झाली आणि तिच्या जागी परक्या आवाजात गाड्या पुकारणारं यंत्र आलं. त्या दिवसापासून धाकटा गाडीत चढलाच नाही. रोज सकाळी टोकाच्या बाकड्यावर येऊन बसायचा, कर्ण्याकडे मान वर करून ऐकायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. काही वर्षांनी झोपेतच गेला. त्याच्यामागून ताईही.

राणीचा पुतळा आता चौकात उभा आहे. इंजिनिअरचं नाव म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. टोकाचं बाकडं मोडलं, तिथे पाण्याचा नळ आला. तरी स्टेशनवर कुणी कुणाला भेटायचं ठरवलं, तर अजून म्हणतात, "धाकट्याच्या बाकड्यापाशी थांब." कोण धाकटा, हे कुणी विचारत नाही. लोक येतात, नळापाशी उभे राहतात आणि आपलं माणूस उतरायची वाट बघतात.