लाल-काळीचं भांडण

मी डावा स्पीकर बोलतोय. आजवर दुसऱ्यांचीच गाणी गायलो. आज जरा माझं ऐका.

मोहोपाड्याच्या कॉलनीत हरेश आणि नवीन या दोन दोस्तांनी प्लाय कापून मला आणि माझ्या उजव्या भावाला घडवलं. दोघं एकाच कारखान्यात. तिथल्या कॉम्प्रेसरच्या आवाजानं नवीनचा एक कान नेला, पण हौस नाही नेली. सुट्टीला हरेशच्या घरी येऊन तो चांगला कान माझ्याकडं करून बसायचा, तेव्हा मला भारी वाटायचं.

मग हरेशनं महागडी वायर आणली. जोडली आणि ऑडिओवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, ‘आवाज काय मोकळा झालाय!’ मोकळा कसला, डोंबल! घाईत त्यानं माझी लाल-काळी उलटी जोडलेली, लालच्या जागी काळी तार आणि काळीच्या जागी लाल. मी पुढं ढकलायचो तेव्हा भाऊ मागं ओढायचा, आणि बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, मधल्यामध्ये गायब.

नवीननं लिहिलं, ‘बेस कमी झालाय का? एक वायर उलटी असंल, बघ.’

उठून माझ्या मागं बघायचं, एवढंच काम. पण हरेशसाहेब टाइप करत बसले. ‘दोनशे लाइक आलेत, सगळे येडे हायेत का?’ ‘पुण्याचे मोठे जाणकार हीच वायर वापरतात.’ ‘म्हंजे तुझ्या मते सगळ्या वायरी सारख्याच?’ अहो, नवीन असं म्हणालाच नव्हता! आणि शेवटी, ‘एका कानाचा माणूस आमाला शिकवणार?’ खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. नवीन ग्रुप सोडून गेला. घरीही यायचा बंद झाला. मला फार लागलं ते.

मागच्या महिन्यात हरेशची बायको हर्षला भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “अवो, या गाण्यातली ढोलकी कुठं गेली?”

हरेश उठला, माझ्या मागं वाकला आणि त्याला उलटी जोडणी दिसली. त्यानं लाल-काळी सुलटी केली. ढोलकी अशी घुमली की मांडणीवरची भांडी वाजली. छाती फुगली माझी!

त्यानं लगेच फोन लावला. “नवीन, वायर उलटीच होती रं.”

“ते मला म्हाईत हाय. कानाचं बोललास त्याचं काय?”

“चुकलं माझं.”

“मला नको सांगू. हसले तिथं लिव.”

हरेशनं लिहिलं, वायरीचंही आणि कानाचंही. या वेळी कुणी हसलं नाही.

नवीन अजून आलेला नाही. येईल, मला खात्री आहे. पण बाबांनो, वायरीचं भांडण वायरीपाशीच ठेवा. माझी लाल-काळी चुटकीसरशी सुलटी झाली. हरेश मात्र दर सुट्टीला आम्हा दोघांना बंद ठेवून दाराकडं कान लावून बसतो.