चौथा भाग

बाईंनी कादंबरीचा चौथा भाग चादरीखाली सरकवला आणि त्यावर उजवा हात ठेवून डोळे मिटले. डाव्या हातात दोन सुया होत्या, तो हलवायची सोय नव्हती. पोरांनी लपवलेली पुस्तकं तीस वर्षं बाकाखालून ओढून काढलेल्या बाईंना आज स्वतः पुस्तक लपवताना घाम फुटला होता.

शेजारच्या पलंगावर सिस्टर मामांना मशीनला जोडत होती. मामांनी एकेचाळीस वर्षं ट्रक चालवला होता. पलीकडे खिडकीशी बाइंडरकाका होते. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सात ते अकरा हे तिघं या खोलीत डायलिसिसला पडून असत.

सुया टोचलेला हात चार तास सरळ ठेवायचा आणि एकाच हाताने जाड कादंबरी धरायची, म्हणजे पाचव्या पानालाच मनगट बोंबलायला लागे. काकांनी त्यावर आपल्या धंद्यातला उपाय काढला. जन्मभर सुटी पानं शिवत आलेला हा माणूस आता नव्याकोऱ्या कादंबऱ्या उसवायचा, त्यांचे चार भाग करायचा आणि प्रत्येकाला खाकी पुठ्ठा लावायचा. आधी काका वाचत, मग बाई, शेवटी मामा. पुढचं कोणी सांगायचं नाही, हा नियम. मत मात्र प्रत्येकाने द्यायचंच.

मत देण्यात मामांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मागच्या कादंबरीत नायकाने घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली, तेव्हा मामा लेखकाचं लायसन जप्त करायला निघाले होते. सध्याच्या कादंबरीवर मात्र त्यांचा जीव जडला होता. एक गॅरेजवाला बाप, दहा वर्षांनी घरी आलेली मुलगी, दोघांत अबोला, आणि अंगणात उभा असलेला जुना ट्रक, जो बाप काही केल्या विकत नाही.

“शेवटी तो पोरीला स्टिअरिंगवर बसवणार बघा,” तिसरा भाग संपवून मामा म्हणाले होते. “आणि स्वतः शेजारी बसणार. नाही बसला तर नाव बदलेन.”

बाईंनी चौथा भाग कालच संपवला होता. मामांना नाव बदलायची गरज नव्हती. कधी एकदा त्यांच्या हातात देते असं बाईंना झालं होतं. पण सकाळी वजनकाट्यापाशी मामांच्या मुलीने त्यांना गाठलं.

“बाई, बाबा म्हणतात आजचं शेवटचं. सोमवारपासून येणार नाहीत.”

“म्हणजे?”

“माझ्या रजा संपल्या, आता पगार कापतात, हे त्यांना कुठून तरी कळलं. तुझ्या मानगुटीवर बसून जगायचं नाही म्हणतात. डॉक्टर बोलले, मी हातापाया पडले. ऐकतच नाहीत.”

न आल्यावर काय होतं, हे त्या खोलीत कोणाला सांगावं लागत नसे. दोन आठवडे, फार तर तीन.

“बाई, जाग्या आहात ना?” मामांनी विचारलं. “चौथा भाग आणलात?”

“घरीच राहिला, मामा.”



“मग तोंडीच सांगा. नियम राहू द्या आज. सोमवारी माझं काही जमेलसं दिसत नाही.”

काकांनी खिडकीकडची मान वळवली. खरा शेवट सांगितला असता तर मामा खूश झाले असते, ‘म्हटलं नव्हतं?’ असं म्हणाले असते आणि समाधानाने घरी गेले असते. बाईंना तेच नको होतं.

“बाप ट्रक भंगारात काढतो,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“मुलीला न विचारता. तिच्यासमोर तुकडे करून नेतात. ती बॅग भरून निघून जाते. बाप दारापर्यंतसुद्धा येत नाही.”

“शक्यच नाही!”

मामा एवढ्या जोरात उसळले की मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली.

“मामा, हात हलवू नका!”

“अहो सिस्टर, भंगारात दिला! दहा वर्षं रोज सकाळी इंजिन चालू करून बघणारा माणूस भंगारवाल्याला हाक मारेल? त्या लेखकाला माणूसच कळलेला नाही.”

“लेखिका आहे,” काका म्हणाले.

“कोणी का असेना! काका, तुम्ही वाचलंय. खरं सांगा.”

काकांनी बाईंकडे पाहिलं. चादरीखालून खाकी पुठ्ठ्याचा कोपरा डोकावत होता. आपल्या हातचं काम त्यांनी लगेच ओळखलं.

“बाई म्हणतात तसंच आहे,” ते सावकाश म्हणाले. “मलाही नाही पटलं.”

उरलेला सगळा वेळ मामा भांडत होते. अकरा वाजता मुलगी न्यायला आली तरी त्यांचं तोंड थांबलं नव्हतं. दारातून ते मागे वळले.

“सोमवारी तो भाग आणा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मानणार नाही.”

मुलीने चमकून बाईंकडे पाहिलं. बाईंना तिच्या नजरेला नजर देववली नाही. सोमवारी मामा येतील, वाचतील आणि आपल्याला फसवून आणलं हे त्यांना कळेल. मग मात्र ते कोणाच्या बापाचं ऐकणार नाहीत. चार दिवस बाई तो भाग पिशवीत घालत आणि परत बाहेर काढत राहिल्या.

सोमवारी सातला पाच मिनिटं कमी असताना मामा हजर होते. बाईंनी चौथा भाग पुढे केला आणि मशीनवरचे आकडे वाचत राहिल्या. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. शेवटचं पान मामांनी बराच वेळ उघडं ठेवलं. चष्मा काढला, चादरीच्या टोकाने पुसला आणि परत लावला नाही.

“काय मामा?” काकांनी विचारलं.

“बाई म्हणाल्या तेच,” मामा म्हणाले. “भंगारात.”

बाईंनी मान वळवली. मामा छताकडे बघत होते.

“वाट लावली चांगल्या कादंबरीची. काका, पुढची उसवायला घेतलीत का?”

“घेतली. जाड आहे. पाच भाग होतील.”

“होऊ द्या,” मामा म्हणाले.

अकरा वाजता मुलगी गाडीची किल्ली घेऊन दारात आली. तिच्या छोट्या गाडीत मामा नेहमी मागच्या सीटवर डोळे मिटून बसत. दुसऱ्याने चालवलेलं आपल्याला बघवत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. तिच्या खांद्याचा आधार घेऊन ते बाहेर पडले. बाईंच्या हातावरची पट्टी अजून दाबून धरायची होती. काका कधीचे खिडकीशी उभे होते.

“बाई,” ते म्हणाले, “मामा पुढे बसलेत. तिच्या शेजारी.”