नुसती मिश्री

कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या त्या वसाहतीत, जगदेवीसारखी मानी बाई शोधून सापडली नसती. नवरा शिवशरण गेला, पण तिने माहेरी मैंदर्गीला जाऊन भावापुढे हात पसरला नाही. कारखान्यात माल द्यायला गेल्यावर कुणी चांगल्या विड्या उगाच बाद केल्या, तर चारचौघांत त्याची खरडपट्टी काढल्याशिवाय ती तिथून हलत नसे. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं नि तंबाखू, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. एक गोष्ट मात्र तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. राजेश्वरीला, तिच्या एकुलत्या एका पोरीला, दहावीनंतर तिने त्या सुपाला बोट लावू दिलं नव्हतं. शेजारच्या पोरी आयांना हातभार लावत, राजेश्वरी पुस्तक घेऊन बसे. शेजारणी नाकं मुरडत. मुरडेनात का!

पोरीने नाव काढलं. नर्सिंग झालं, आणि शहरातल्या एका नव्या, हृदयरोगाच्या हॉस्पिटलात तिची निवड झाली. जगदेवीने गल्लीभर पेढे वाटले. खरं तर नेमणुकीचा कागद हातात पडायचा होता, पण एवढा धीर तिला कुठला?

त्या हॉस्पिटलचा एक नियम होता. तंबाखू ओढणाऱ्याला किंवा खाणाऱ्याला तिथे नोकरी नाही. मुलाखतीत विचारत आणि वर लघवी तपासत. नियम वाईट आहे असं कोण म्हणेल? छातीत कळ येऊन पडलेल्या माणसाला सलाईन लावणाऱ्या हातांना विडीचा वास यावा, हे कुणालाही पटणार नाही. उभा जन्म विड्या वळलेल्या जगदेवीलाही तो नियम ऐकून बरंच वाटलं होतं. आपली पोर असल्या चोख ठिकाणी जाणार म्हणून.

आणि राजेश्वरीच्या तपासणीत तंबाखू निघाली.

घरच्या मोठ्या माणसाला घेऊन या, असा निरोप आला. जगदेवीने ठेवणीतलं इरकल नेसलं. रिक्षात बसल्यापासून ती त्या मशिनीचा उद्धार करत होती. "मशीन बिघडली आसंल. न्हायतर बाटल्या बदलल्या आसतील. तू घाबरू नको, मी हाय की." राजेश्वरी मूग गिळून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आईला वाटलं, पोर अपमानाने गप्प आहे.

नोकरभरतीचं काम बघणारा महेश्वर हिरेमठ तिशीतला, सरळ मनाचा माणूस होता. त्याने दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"मावशी, तुम्ही घरी विड्या वळता ना?"

"व्हय. चोरून न्हाय वळत."

"तसं नाही हो." तो हसला. "तंबाखूची धूळ अंगात जाते, म्हणून तपासणीत दिसू शकते. आमच्याकडे त्याला सवलत आहे. महिनाभर दुसरीकडे राहायचं, मग पुन्हा तपासणी. मला फक्त तसं लिहावं लागेल. ही तुमच्याबरोबर विड्या वळते, बरोबर?"

"हो सर," राजेश्वरी घाईघाईने म्हणाली. "रोज. रात्री उशिरापर्यंत."

महेश्वर लिहू लागला. एवढा एकच क्षण गप्प बसलं असतं तरी पुरलं असतं. पण गप्प बसली तर ती जगदेवी कसली!

"खोटं बोलतीस?" ती पोरीवर कडाडली. मग साहेबाकडे वळली. "सायेब, दहावी झाल्यापासनं हिला सुपाला शिवू दिली न्हाय मी. आख्ख्या गल्लीला इचारा. झोपायला बसायला आतली खोली दिलीय हिला, माजं काम भायेर अंगणात. माज्या कष्टाची धूळ बी लागू दिली न्हाय लेकराला."

महेश्वरचा पेन थांबला. त्याने राजेश्वरीकडे पाहिलं, तिने मान खाली घातली.

"मग मावशी, तंबाखू आली कुठून?"

"ते तुमची मशीन जाणं. आमच्यात कोण ओढत न्हाय, कोण खात न्हाय. सकाळ-संध्याकाळ नुसती मिश्री लावतो, ती बी दात घासायला."

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची मिश्री करायची, हे जगदेवीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. दर पंधरवड्याला ती स्वतःच भाजत असे. पण ती तंबाखू आहे असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. आईने लावली, आजीने लावली. व्यसन म्हणजे पुरुष करतात ते.

"मुलाखतीत मी हिला विचारलं होतं," महेश्वर हळू आवाजात म्हणाला. "तंबाखू, गुटखा, मिश्री, काहीही. नाही म्हणाली. नुसती सवय असती तर सोडायला मुदत देता आली असती, मावशी. खोटं सांगितल्यावर माझे हात बांधलेले आहेत." त्याने लिहिलेल्या ओळीवर काट मारली. त्यालाही ते बरं वाटलं नसावं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मायलेकी रिक्षाच्या थांब्यावर आल्या.

"मिश्रीपायी कोण नोकरी घालवतं व्हय?" जगदेवी म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती. "तू तरी खोटं कशाला बोललीस गं?"

"मग काय सांगू, अव्वा? सुटत न्हाय म्हणून सांगू?" राजेश्वरीला रडू फुटलं. "सहावीत दाढ दुखत हुती, तवा तूच बोटानं लावलीस. कळ थांबली, पर तवापासनं मिश्री सुटली न्हाय. नर्सिंगला गेल्यावर कळलं ही काय चीज हाय ती. किती डाव सोडली. डोकं फुटायला लागतं, हात कापतात, कशात जीव लागत न्हाय. तपासणीच्या सकाळी सुदा लावून गेले मी."

रडणाऱ्या, दाढ धरून बसलेल्या त्या सहावीतल्या पोरीचं तोंड जगदेवीला लख्ख आठवलं. सुपापासून लेकीला दहा हात लांब ठेवलं, आणि तंबाखू मात्र आपणच तिच्या तोंडात घातली. कुणावर ओरडावं तेच तिला कळेना.

राजेश्वरीने आईच्याच पदराला डोळे पुसले, लहानपणी पुसायची तसे. तिची बोटं थरथरत होती. सकाळपासून तिने मिश्री लावली नव्हती.

"अव्वा," ती खाली बघत म्हणाली, "जवळ हाय का?"

नाही म्हणावं, असं जगदेवीला अगदी मनापासून वाटलं. तिने पोरीच्या बोटांकडे पाहिलं. मग कमरेची चंची सोडली, आतली मिश्रीची डबी काढली, आणि झाकण घट्ट बसलं होतं म्हणून स्वतःच उघडून तिच्यापुढे धरली.