पलीकडे कुणीतरी आहे

मी फोन बोलतोय. तसं पाहिलं तर माझं सारं आयुष्य दुसऱ्यांना बोलू देण्यात गेलं. स्वतःहून बोलायची ही माझी पहिलीच वेळ. तेव्हा मध्ये कुठे अडखळलो, तर लाइनीत खरखर आहे असं समजा.

बंगळूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. राखाडी अंग, चौकोनी बटणं आणि वेटोळी वायर. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका लाइनमनच्या पिशवीतून मी उज्जैनला, फ्रीगंजमधल्या निरख्यांच्या घरी आलो. त्या काळी फोन मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट होती. त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांची मधुरा दुसरीत होती, आणि मी आलो तेव्हा ती दहावीची परीक्षा देऊन बसली होती. प्रतिभाताईंनी मला हळद-कुंकू लावलं आणि क्रोशाचं कव्हर घातलं. बघता बघता साऱ्या गल्लीने माझा नंबर आपापल्या नातेवाइकांना देऊन टाकला.

प्रतिभाताई शाळेत शिकवायच्या. श्रीपादराव वीज मंडळात मीटर तपासायच्या खात्यात होते. कामात चोख आणि अबोल. संध्याकाळी रेडिओ लावून दूरदेशीची केंद्रं शोधत बसायचा त्यांना नाद होता. भाषा कळो न कळो, केंद्र सापडलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

मी वाजलो आणि त्यांनी उचललं की गंमत व्हायची.

"प्रतिभा आहे का?"

"आहे."

आणि रिसीव्हर खाली. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, काम संपलं. पलीकडचा माणूस हसायचा, पुन्हा नंबर लावायचा. गल्लीत हा किस्सा सगळे रंगवून सांगायचे. प्रतिभाताईही चारचौघांत हसायच्या. नंतर माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या की त्या हसत नसत.

कारण हसण्यासारखं थोडंच होतं. पाहुणे आले की श्रीपादराव बोलणं अर्धवट टाकून आत निघून जायचे. नवी साडी नेसून प्रतिभाताईंनी "कशी दिसतेय" विचारलं, तर उत्तर यायचं, "मागची बरी होती." ताप आला असं सांगितलं की "गोळ्या डब्यात आहेत" म्हणायचे. मनात काही वाकडं नसायचं. पाण्याची बादली जड होते असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, तेव्हापासून रोज पहाटे घरातलं सगळं पाणी श्रीपादरावच भरायचे. पण भरलेल्या पाण्याशी बोलता थोडंच येतं?

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यातली ती सकाळ मला विसरता येत नाही. प्रतिभाताई शाळेत गेल्या होत्या. मधुरा तेव्हा शिकायला पुण्याला होती. मी वाजलो. देवासहून प्रतिभाताईंचा भाऊ विनायक बोलत होता. आवाज फाटलेला होता.

"श्रीपादराव, माई गेली. प्रतिभाला घेऊन निघा. दुपारपर्यंत थांबतो आम्ही."

"बरं," श्रीपादराव म्हणाले आणि त्यांनी मला ठेवलं. बराच वेळ ते तिथेच उभे राहिले. मग डबा घेऊन ऑफिसला गेले.

दुपारभर मी वाजत होतो. विनायक पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होता आणि रिकाम्या घरात माझी घंटा भिंतींवर आपटत होती. हातपाय नसल्याचं दुःख मला त्या दिवशी झालं.

संध्याकाळी प्रतिभाताई आल्या. श्रीपादराव आधीच घरी आले होते. त्यांनी चहा करून ठेवला होता. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "माई गेल्या. सकाळी विनायकचा फोन होता."

"सकाळी?"

"हो. शाळेत यायचं नाही, काय असेल ते घरी आल्यावर सांगायचं, असं तू म्हणाली होतीस."

म्हणाल्या होत्या खऱ्या. कधीतरी गॅसचं सिलिंडर आल्याचा निरोप घेऊन ते भर वर्गात जाऊन उभे राहिले होते, तेव्हा. प्रतिभाताई जमिनीवरच बसल्या. मग तशाच उठल्या, पर्स घेतली आणि देवास गेटच्या बसस्टँडकडे धावत गेल्या. पोचल्या तेव्हा आईच्या खोलीत फक्त दिवा उरला होता.

त्यानंतर घरात बोलणं असं राहिलं नाही. प्रतिभाताई मधुराच्या खोलीत झोपू लागल्या. दूध आलं, गॅस संपला, एवढंच काय ते. विनायकचा फोन आला की तो म्हणायचा, "ताई, ह्या माणसाला दिल आहे की नाही? तू कशाला सहन करतेस?" शेवटी त्यांनीच एक दिवस त्याला फोन लावला. "मी तिकडे येऊन राहू का रे? शाळेत बसने जाईन-येईन." तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात? घर तुझंच आहे." त्यांनी बॅग भरायला काढली.

त्याच आठवड्यात पुण्याहून मधुराचा फोन आला. ती मानसशास्त्र शिकत होती.

"आई, निघण्याआधी एक ऐकशील? परवा आमच्या बाईंनी वर्गात एक विषय शिकवला. ॲस्पर्गर सिंड्रोम. त्या बोलत होत्या आणि मला वाटत होतं, ह्या आपल्या बाबांना ओळखतात की काय."

"मतलब? ते वेडे आहेत?"

"नाही गं. हुशार असतात ही माणसं. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून आपल्याला जे आपोआप कळतं ना, ते त्यांना कळत नाही. शब्द कळतात, शब्दांच्या आतलं कळत नाही. जन्मापासून तशीच घडण असते. मी काही डॉक्टर नाही, पण इंदूरला एक डॉक्टर आहेत. बाबांना दे ना फोन."

श्रीपादरावांनी मला कानाला लावलं. मधुरा आडपडदा न ठेवता म्हणाली, "बाबा, तुमच्याबरोबर राहणं आईला फार कठीण जातंय. का ते तुम्हालाही कळत नाही. डॉक्टरांना भेटाल?"

ते म्हणाले, "कठीण जातंय? ती तर कधी म्हणाली नाही."

प्रतिभाताई दारात उभ्या होत्या. तेवीस वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या. भांडी आपटून, पाठ फिरवून, न जेवता झोपून. फक्त शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. शब्दांत सांगावं लागतं हे त्यांच्या माहेरी कुणाला ठाऊकच नव्हतं.

दोघं इंदूरला गेले. डॉ. अहल्या बर्वे यांच्याकडे तीन-चार खेपा झाल्या. मग एका दुपारी श्रीपादरावांनी स्वतःहून नंबर लावला. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच.

"मधुरा, तू बरोबर होतीस. मला ॲस्पर्गर आहे. मला बरं वाटलं. लहानपणापासून मला वाटायचं, बाकी सगळ्यांना काहीतरी सांगून ठेवलंय आणि मला सांगायचं राहिलंय."

मुलगी पलीकडे रडत होती. अलीकडे, स्वयंपाकघरात, तिची आईही रडत होती. पण तिचं रडणं वेगळं होतं. श्रीपादरावांना स्वतःचं उत्तर सापडलं होतं. प्रतिभाताईंना एवढंच कळलं होतं की हे असंच राहणार. आता रागवायचं तरी कुणावर, हेही उरलं नव्हतं.

आता त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं. माझ्यासारखा दुसरा साक्षीदार नाही, म्हणून सांगतो: माणसं उत्तर द्यायला फार घाई करतात. श्रीपादरावांची मोठी बहीण अक्का म्हणाली, "अगं, दारू नाही, जुगार नाही, हात उगारत नाही. अजून काय पाहिजे तुला? महाकालला अभिषेक कर, सब ठीक होईल." शाळेतली शोभा म्हणाली, "सगळेच मर्द असे असतात गं." विनायक म्हणाला, "बिमारी आहे तर इलाज करा." आणि पुण्याची एक मावशी हळहळली, "बिचारे श्रीपादराव, आता तूच त्यांना सांभाळायला पाहिजे." प्रत्येकाला प्रतिभाताई "हो ना" म्हणायच्या आणि मला अगदी हळू खाली ठेवायच्या. रागावलेला माणूस रिसीव्हर आपटतो. एकटं पडलेलं माणूस तो असा अलगद ठेवतं.

बॅग अजून पलंगाखाली भरलेलीच होती. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "प्रतिभाताई, तुमच्या यजमानांचं आपण बोललो. तुमचं राहिलंच. इंदूरमध्ये अपर्णा म्हणून एक जण आहेत, त्यांच्याकडेही असंच आहे. त्यांना विचारून तुम्हाला नंबर देते."

तो नंबर किती वेळा अर्धाच दाबला गेला, ते मला ठाऊक. शेवटी एका रविवारी घंटी गेली.

"मी प्रतिभा निरखे, उज्जैनहून. डॉक्टरांनी..." पुढे आवाजच फुटेना.

"चालेल," पलीकडून आवाज आला. "मी मेथी निवडतेय. तुम्ही सावकाश बोला."

खरंच, मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने अपर्णाताईच म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्याकडेही काही बदललं, नुसते नवे परदे लावले, तरी घरात चार दिवस टेन्शन असतं का?"

प्रतिभाताईंना हसू फुटलं. आतून, पोट धरून. मी त्या घरात आल्यापासून असं हसणं ऐकलं नव्हतं. आणि हसता हसताच त्यांनी माईचं सगळं सांगून टाकलं. ती सकाळ, तो चहा, ती बस.

अपर्णाताईंनी श्रीपादरावांना नावं ठेवली नाहीत आणि त्यांची बाजूही घेतली नाही. त्या म्हणाल्या, "तुमची आई गेली आणि तुम्हाला तिचा चेहराही बघायला मिळाला नाही. फार वाईट झालं हो हे."

हे एवढं एक वाक्य इतक्या महिन्यांत कुणी म्हटलं नव्हतं. प्रतिभाताई मोठ्याने रडल्या. पलीकडे मेथी निवडायची थांबली होती, पण फोन चालू होता.

"कारण कळलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं," शेवटी अपर्णाताई म्हणाल्या. "पण आपलंच डोकं फिरलंय असं जे वाटत राहतं ना, ते थांबतं. पुढच्या रविवारी करा फोन. नाहीतर मीच करेन."

त्या रविवारपासून माझ्या आयुष्याला अर्थ आला म्हणा ना. मग रतलामची जयू त्यांच्यात आली. तिघी टावर चौकात एका हॉटेलात भेटल्या, पोहे खाता खाता बोलत राहिल्या, वेटरने दोनदा येऊन "और कुछ?" विचारलं तरी उठल्या नाहीत, हे मला नंतर फोनवर कळलं. जयू नवऱ्याला सोडून माहेरी आली होती. तिला कुणी परत जा म्हटलं नाही, आणि प्रतिभाताईंना कुणी राहा म्हटलं नाही. ज्याचं त्याने ठरवायचं. ठरवेपर्यंत ऐकायला माणूस असलं म्हणजे झालं.

अपर्णाताईंनी शिकवलेली एक गोष्ट प्रतिभाताईंनी करून पाहिली. एका संध्याकाळी त्या श्रीपादरावांसमोर येऊन म्हणाल्या, "अहो, आज मला माईची फार आठवण येतेय. मला रडू येईल. तुम्ही काही सांगू नका, काही करू नका. फक्त इथे बसा."

"किती वेळ?"

"मी सांगेन."

ते वेताच्या खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्यांनी प्रतिभाताईंकडे पाहिलं नाही, पण उठलेही नाहीत. मध्ये मी वाजलो. तरीही उठले नाहीत. मी हक्काने वाजणारा, पण त्या दिवशी कुणी उचललं नाही याचा मला आनंद झाला.

डोळे पुसून झाल्यावर प्रतिभाताई म्हणाल्या, "झालं." तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी मी शाळेत यायला पाहिजे होतं. मला आता कळलंय." एवढंच बोलून ते आत गेले. काही दिवसांनी पलंगाखालची बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. कुणी काही जाहीर केलं नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. प्रतिभाताईंनी मधुराची खोली आपलीच ठेवली. लग्नकार्याला त्या एकट्या जायच्या, आणि "हे का नाही आले" विचारलं की "त्यांना गर्दी सोसत नाही" असं सरळ सांगायच्या. "जे नाही मिळणार ते नाहीच मिळणार," त्या एकदा अपर्णाताईंना म्हणाल्या. "पण आता मी त्याची वाट बघत दारात उभी राहत नाही."

दोन-तीन वर्षांत माझ्यावर कुठून कुठून अशाच बायकांचे फोन येऊ लागले. खांडवा, भोपाळ, एकदा तर नागपूर. अशाच एका दुपारी प्रतिभाताई भाजी आणायला गेल्या होत्या. मी वाजलो. श्रीपादरावांनी उचललं.

"प्रतिभाताई आहेत का?" आवाज अनोळखी, भरून आलेला.

"नाही. बाजारात गेली आहे."

पलीकडून हुंदका आला. मला वाटलं, आता हे मला ठेवणार. त्यांचा हात खाली आलासुद्धा. मग परत वर गेला.

"मी श्रीपाद," ते म्हणाले. "तुमच्या यजमानांना जे आहे, ते मलाही आहे. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, ते मला येत नाही. पण प्रतिभा म्हणते, बोलावं लागत नाही, थांबावं लागतं. मी थांबतो. तुम्ही रडा."

आणि ते थांबले. ती बाई रडत होती आणि श्रीपादराव रिसीव्हर कानाला लावून समोरच्या भिंतीकडे बघत उभे होते. प्रतिभाताई पिशवी घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या.

"ह्या रडताहेत," श्रीपादराव त्यांना म्हणाले. "मी ऐकतोय. आता तू घे."

प्रतिभाताईंनी पिशवी खाली ठेवली. अचानक कुणी हात लावला की श्रीपादरावांना दचकायला होतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या आधी म्हणाल्या, "हात ठेवते हं." त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मग त्यांनी मला घेतलं.

आता घरात दोन मोबाइल आले आहेत. माझी लाइन गेल्या दिवाळीत कापली. कव्हरासकट मला कपाटाच्या वरच्या खणात ठेवलंय, मधुरा म्हणाली, "भंगारात नका देऊ." त्यामुळे इथे आहे. खाली दर रविवारी बोलणं चालतं, अर्धंच ऐकू येतं. पलीकडचं आता मला कळत नाही, एवढीच काय ती रुखरुख.

जाता जाता तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्याकडे कुणी मन मोकळं करायला आलं आणि बोलता बोलता मध्येच गप्प झालं, तर लगेच सल्ला देऊ नका, की समजूत घालू नका. जरा दम धरा. खरी गोष्ट त्यापुढच्या वाक्यात असते, आणि ते वाक्य यायला वेळ लागतो.

बरं, आता ठेवतो.