काउंटरवरचे सहा

"हा द्या, हा चालेल," म्हणत कंडक्टरकाकांनी काचेवर बोट टेकवलं. आत नखाएवढा एंजल मासा पंख पसरून उभा होता.

"नाही चालणार," आत्या म्हणाली.

"अहो, एवढासा तर आहे!"

"आज एवढासा. काही महिन्यांनी तळहाताएवढा होईल आणि तुमच्या त्या चिमुकल्या निऑन माशाचा घास करेल. माशांचं साधं असतं काका, तोंडात मावलं की पोटात."

माझं डोकंच सटकलं. सकाळपासूनचं पहिलं गिऱ्हाईक, आणि ही त्याला नको म्हणतेय! आत्याचं दुकान असंच चालतं. मुलीचं स्थळ बघावं तशी ती चौकशी करते. टाकी केवढी, आत कोण कोण, कुणाला शेपट्या कुरतडायची खोड आहे? लोक कंटाळून समोरच्या दुकानात जातात.

काका मात्र हलेनात. पस्तीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस. "एका बसमध्ये मी नव्वद माणसं कोंबलीत. कुणी कुणाला खाल्लं नाही."

"ती उतरून घरी जातात. हे उतरणार कुठे?"

काका हसले आणि मधेच थांबले. "सातातला एकच राहिलाय हो. दिवसभर फिल्टरमागे लपतो. ही आपली रिकामं पाणी बघत पडते. परवा म्हणाली, तोही गेला वाटतं."

काकू चार महिने अंथरुणाला खिळल्यात. त्यांची मान एकाच बाजूला वळते आणि त्या बाजूला टाकी आहे, एवढं मलाही ठाऊक होतं.

"त्याला दुसरी जात नको, त्याचेच हवेत," आत्या म्हणाली. "थव्यातला मासा एकटा पडला की भितो. सहा निऑन देते. पण ते कालच आलेत. तीन आठवडे वेगळे ठेवीन. अंगावर रोग घेऊन आले असले तर तुमचा तोही मरेल."

"तीन आठवडे..." काकांनी टोपी काढली, परत घातली. "डॉक्टर आता आठवड्यांचं काही बोलत नाहीत."

"मग देऊन टाक ना तो एंजल!" मी ओरडलेच.

आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. जाळी घेऊन ती काउंटरवरच्या छोट्या टाकीकडे गेली. तिच्यात सहा निऑन होते, आत्याचे स्वतःचे, चार वर्षांचे. काचेवर चिठ्ठी होती : विकायचे नाहीत. वर्षभरात त्या पाण्यात नवं काही पडलं नव्हतं, म्हणजे रोगाची भीती नाही. जेवताना ती त्यांच्याशी गप्पा मारते आणि माझ्याशी भांडते.

"आत्या, ते तर तुझे..."

"पिशवी नीट धर."

काकांच्या घरी, माशांना नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून, पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली. काका दर दोन मिनिटांनी, "झालं?"

"घाई करून चुकीच्या स्टॉपवर उतरवू का?" आत्या म्हणाली.

मग सहाही सोडले. ते एका कोपऱ्यात घट्ट गोळा झाले. बराच वेळ काहीच नाही. मग फिल्टरमागून एक निळी रेघ दिसली. अर्धा मासा. थांबला. आणि असा सुसाट सुटला की बस! क्षणात सातही एकदम वळले.

"आला! बघ बघ, आला!" काका टाकीवर वाकून नाचायचेच बाकी होते.

काकूंचे ओठ हलले. काकांनी कान जवळ नेला. "काय गं?"

"सरका ना," काकू म्हणाल्या. "तुम्हीच दिसताय नुसते."

काका पटकन फरशीवर बसले. डोकं आड येऊ नये म्हणून मानही आत ओढून घेतली.

दारात चपला घालताना मी हळूच विचारलं, "आत्या, यातले आपले कुठले, ओळखता येतात?"

"आपले कुठले?" ती म्हणाली. "सातही त्यांचेच."

एरवी ओल्या पिशव्या ती तिथेच फेकून देते. ही मात्र तिने पुसली आणि घडी घालत राहिली.